उतारा

अण्णांचं इंग्रजी सहीपुरतं. पण 'रिकव्हरी' हा एक शब्द बँकेच्या नोटिसा वाचून वाचून त्यांच्या डोळ्यांत बसलाय. २०१० च्या दिवाळीत ते औसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून नांदेडला आले, नव्या कोऱ्या कम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, माझ्या सांगण्यावरून बटण दाबलं आणि पडद्यावर जी पहिली पाटी उमटली ती बघून दोन पावलं मागं सरले.

"कुणाची रिकव्हरी?"

"कम्प्युटरची, अण्णा."

"हप्त्यावर घेतलास?"

"रोख घेतलाय."

"मंग हे कामून मागायलंय?"

कम्प्युटर काही मागत नव्हता असं नाही. तो चार कोऱ्या डीव्हीडी मागत होता. 'आपल्या रिकव्हरी डिस्क आत्ताच बनवून घ्या' असं तो इंग्रजीत, बऱ्यापैकी अदबीनं म्हणत होता. पण अण्णांना त्या अदबीचा अनुभव होता. त्यांच्याकडं येणारे बँकेचे साहेबही आधी पाणी मागायचे आणि मग रिकव्हरी काढायचे.

आमच्या भागात ह्या शब्दाला इतिहास आहे. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचं थकलेलं कर्ज पूर्ण माफ झालं. त्याहून जास्त जमीन असेल तर ७५ टक्के भरा, २५ टक्के माफ, असा हिशेब होता. दोन हेक्टर म्हणजे पाच एकराला जरासे कमी. अण्णांच्या सातबाऱ्यावर सव्वापाच एकर. ओढ्याकाठचा एक दगडाळ पट्टा, ज्यावर बाभळीशिवाय आजवर काही उगवलं नाही, त्यानं अण्णांना मोठ्या शेतकऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवलं. जन्मात पहिल्यांदा ते मोठे शेतकरी झाले, तेही वसुलीच्या यादीत. विहिरीचं कर्ज होतं. त्याचे ७५ टक्के त्यांनी भरले, २५ सुटले, आणि तेव्हापासून जगातल्या कुठल्याही देण्याकडं ते ह्याच अपूर्णांकातून बघतात.

रिकव्हरीचा दुसरा अर्थ गोड आहे. लातूरकडं ऊस लावणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, रिकव्हरी म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली त्याचा आकडा. २०१० साली उसाचा सरकारी दर साडेनऊ टक्के रिकव्हरी धरून ठरायचा आणि वर प्रत्येक पॉइंट एकला जादा पैसे. त्यामुळं ज्यांना अपूर्णांकांची बेरीज शाळेत कधी जमली नाही असे माझे चुलते चहाच्या टपरीवर 'औंदा दहा पॉइंट सात लागली म्हणं' अशी दशांश चिन्हासकट भांडणं करतात. तोडलेला ऊस फडात जितका पडून राहील तितकी रिकव्हरी घसरते, हेही त्यांना ठाऊक.

ह्या रिकव्हरीला मराठीत 'उतारा' म्हणतात. साखर उतारा. मला तो शब्द फार आवडला. कम्प्युटरच्या ह्या चार डीव्हीड्यांना उतारा म्हणायला काय हरकत आहे? सातबाराचा तो उतारा, म्हणजे मूळ नोंदीची नक्कल. विष भिनलं तर त्याच्यावर उतारा. भूत लागलं तर लिंबू, नारळ, दहीभात ओवाळून तिकाटण्यावर ठेवतात तोही उताराच. आमच्या शाळेतल्या मराठीच्या सरांचा उतारा वेगळा, तो वाचून खालील प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात. कंपनीच्या डीव्हीडीत ह्यातलं सगळं थोडं थोडं होतं. फक्त प्रश्नांची उत्तरं नव्हती.

"म्हणजे कसं बघा," मी अण्णांना समजावू लागलो. "पूर्वी पेटीतच विंडोजची सीडी यायची. आता कंपनी ती देत नाही. कम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्येच एका कोपऱ्यात सगळं भरून ठेवते. उद्या विंडोज बिघडलं तर त्या कोपऱ्यातून पुन्हा काढायचं."

"आन् ती हार्ड डिस्कच बिघडली तर?"

अण्णा सातवी शिकलेत. मी बीएस्सी बीएड, गणित शिकवतो, वेतनवाढ अडू नये म्हणून एमएस-सीआयटीही केलेली. हा प्रश्न मला पडायला हवा होता.

"म्हणजे कणगीतच बियाणं ठेवलंय त्यांनी," अण्णा म्हणाले. "उंदीर लागला तर खायाचं बी गेलं आन् पेरायचं बी गेलं."

म्हणूनच तर त्या चार डीव्हीड्या बनवून बाहेर ठेवायच्या, असं मी म्हणालो. "मंग बनीव की," अण्णा म्हणाले. मी 'नंतर' नावाच्या बटणावर टिचकी मारली. पुढचे वीस-बावीस दिवस कम्प्युटर रोज सकाळी तीच पाटी दाखवायचा आणि मी रोज तेच बटण दाबायचो. नवा कम्प्युटर चालू असताना तो बंद पडण्याची तयारी करणं मला अभद्र वाटत होतं.

शेवटी एका रविवारी बसलो. आणि बसल्या बसल्या चुकलो. विंडोज ७ मध्ये कंट्रोल पॅनेलात 'सिस्टीम रिपेअर डिस्क' असा एक पर्याय असतो. मी तोच दाबला. एक डीव्हीडी घातली, तीन-चार मिनिटांत काम तमाम. मी डीव्हीडीवर मार्करनं तारीख टाकली, कपाटात ठेवली आणि कलामंदिरजवळच्या आमच्या कम्प्युटरच्या इंजिनिअरला फोन करून सांगितलंही. (नांदेडात कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक पोराला इंजिनिअर म्हणतात. विष्णुपुरीच्या कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्या खऱ्या इंजिनिअरला 'सध्या काय करायलाव?' असं विचारतात.)

"किती एमबी झाली सर?" त्यानं विचारलं.

"दीडशे-एकशेसाठ."

"मंग ती नुसती किल्ली हाय. घर न्हाई आलं तिच्यात."

त्यानं सांगितलं ते असं: ही डिस्क कम्प्युटर चालू करून देते, दुरुस्तीचा प्रयत्न करते, पण दुरुस्त करायला मुळात विंडोज जाग्यावर पाहिजे. पूर्ण विंडोज, कंपनीचे ड्रायव्हर आणि कुणीही न मागता भरलेले डझनभर खेळ, हे सगळं हवं तर कंपनीचाच वेगळा प्रोग्राम उघडावा लागतो आणि चार डीव्हीड्या लागतातच.

डीव्हीड्या आणायला वजिराबादेत गेलो.

"प्लस पाहिजे का मायनस?" दुकानदार म्हणाला.

मला वाटलं, मास्तर म्हणून थट्टा चाललीय. पण कोऱ्या डीव्हीडीत खरोखर प्लस आर आणि मायनस आर अशा दोन जाती असतात.

"फरक काय?"

"काय बी न्हाई सर. दोन्ही चालतेत."

बावीस वर्षं वर्गात घसा फोडून जे सांगत आलो त्याच्या अगदी उलट. मी मुकाट्यानं दहा मायनस घेतल्या.

आता त्या रविवारच्या दुपारचं सांगतो. प्रोग्रामनं आधीच दम दिला होता की हा संच एकदाच बनवता येईल, दुसऱ्यांदा नाही. का, ते सांगितलं नव्हतं. लग्नाच्या मुहूर्तासारखं घर कामाला लागलं. बायकोनं मिक्सर बंद ठेवला. मुलीला पंखा कमी करायला सांगितलं, त्याचा काय संबंध ते मलाही सांगता आलं नाही. भारनियमनाचं वेळापत्रक दाराच्या मागं चिकटवलेलं होतंच. त्याच्यानुसार दोन ते सहा वीज राहणार होती.

पहिली डीव्हीडी नीट लिहून झाली. लिहून झाल्यावर कम्प्युटर तीच पुन्हा पहिल्यापासून वाचून पडताळत होता. एकदा लिहायचं, मग तेच वाचायचं, मग चूक शोधायची. आमच्या लातूरला ह्याच बळावर पोरं बोर्डात आली आणि त्याला लातूर पॅटर्न नाव पडलं. दुसरी डीव्हीडीही पास झाली. तिसरी घालण्याआधी मी उत्साहात मार्करनं तिच्यावर '३' घालून टाकलं. कोंबडं झाकणारा माणूस मी नाही, पण अंडी फुटायच्या आधी पिलं मोजायची सवय आहे.

त्र्याहत्तर टक्क्यांवर वीज गेली. यूपीएस टूं टूं करू लागला. दुकानदारानं 'पंधरा मिनिटं आरामात' म्हणून दिलेला यूपीएस पाचव्या मिनिटाला शांत झाला. खोलीत एकदम इतकी शांतता पसरली की आतली डीव्हीडी फिरत फिरत थांबल्याचा आवाज आम्हा तिघांना ऐकू आला.

वीज साडेपाचला आली. ती डीव्हीडी वाया गेली, पण प्रोग्रामनं उदार मनानं तिसरी परत मागितली. मी नव्या डीव्हीडीवरही '३' लिहिलं. ती झाली. चौथीला दोनदा अडखळला, आणखी दोन गेल्या, मग झाली. रात्री नऊ वाजता हातात सात डीव्हीड्या होत्या: चार चांगल्या, तीन वाया. सगळ्या एकाच खाकी पाकिटात घातल्या. हे वाक्य मी पुन्हा वाचतो तेव्हा हात थरथरतो.

पाकीट नांदेडात ठेवायचं नाही असं मी ठरवलं होतं. इंजिनिअर म्हणाला होता, बॅकअप नेहमी वेगळ्या जागी ठेवावा. वेगळ्या खोलीत ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण मी वेगळ्या जिल्ह्यात ठेवलं. गावी आमच्या घराच्या दाराशेजारी खुंटीला एक रेक्झिनची पिशवी टांगलेली असते. सातबारा, रेशन कार्ड, पासबुकं, विम्याचे कागद, आईच्या पोटल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आमच्या गावाच्याही भिंती फाटल्या. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. त्यानंतर बरीच वर्षं लोक अंगणात झोपले, आणि अण्णांची पिशवी कपाटातून दारापाशी आली ती अजून तिथंच आहे. उठून पळताना एका हातात माणूस, एका हातात पिशवी. बॅकअप म्हणजे काय ते मी इंजिनिअरकडून शिकलो, पण आमच्या घरात तो सतरा वर्षं खुंटीला लटकत होता.

मी पाकीट अण्णांच्या हाती दिलं. "ह्यात विंडोज आहे," म्हणालो. अण्णांनी ते पिशवीत घातलं. आणि मग, जाता जाता, मी ते वाक्य बोललो: "ह्यातल्या वाया गेलेल्या घ्या हवं तर पाखरांना."

आमच्याकडं ज्वारी हुरड्यात आली की चिमण्या, साळुंक्या, पोपट असे काही उतरतात की जणू आमंत्रण गेलंय. पूर्वी मळ्यात माळा घालून, गोफण फिरवत, डबे वाजवत दिवसभर कुणीतरी राखण करायचं. आता पोरं शिकायला लातूरला, गोफण धरायला कुणी नाही. मग बांधावर दोऱ्या ओढून त्यांना सीड्या बांधतात. वाऱ्यानं फिरल्या की उन्हाची तिरीप इकडून तिकडं पळते आणि पाखरू बिचकतं. मराठवाड्यात सिनेमे, गाणी, लग्नाच्या शूटिंगा, सगळ्याचा शेवटचा मुक्काम ज्वारीच्या फडात.

तीन वर्षं कम्प्युटर उत्तम चालला. त्याचं सारं श्रेय मी त्या चार डीव्हीड्यांना देत होतो. विमा काढला की माणूस आजारी पडत नाही तसं काहीसं.

जानेवारी २०१४ मध्ये एका सकाळी तो चालू होईना. आतून टक, टक, टक असा पालीसारखा आवाज. इंजिनिअरनं कान लावला आणि डॉक्टर लोक बाहेर येऊन सांगतात त्या सुरात म्हणाला, "हार्ड डिस्क गेली सर." म्हणजे कणगीला उंदीर लागला. धान्यही गेलं, कोपऱ्यातलं बियाणंही गेलं. त्यानं नवी हार्ड डिस्क बसवली.

"ह्याच्यात आता काय टाकू? माझ्याकडचं घोस्ट मारून देऊ का? वीस मिनटात होतंय."

घोस्ट म्हणजे एका चांगल्या चालणाऱ्या कम्प्युटरची जशीच्या तशी प्रतिमा काढून ती दुसऱ्यात उतरवायचा प्रोग्राम. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात जन्मला, पुढं नॉर्टनच्या नावानं विकला गेला. २०१३ साली त्याची विक्री बंद झाली. पण आमच्याकडं भुतं अशी निवृत्त होत नाहीत. इंजिनिअरच्या पेन ड्राइव्हमध्ये जे भूत होतं ते मुळात कुठल्या कम्प्युटरचं, त्याचा परवाना कुणाच्या नावावर, ते भुतालाच ठाऊक. शेजाऱ्यांनी ते मारून घेतलं होतं. त्यांच्या पडद्यावर अधूनमधून 'डॉक्टर साहेबांचे स्वागत आहे' असं यायचं. शेजारी किराणा दुकान चालवतात.

"नको," मी ताठ मानेनं म्हणालो. "माझ्याकडं स्वतःचा उतारा आहे."

त्यानं माझ्याकडं आदरानं बघितलं. म्हणाला, "सर, एवढ्या वर्षांत तुम्ही पहिले."

गावी फोन लावला. अण्णा पिशवी घेऊन बसले आणि मी एकेक विचारू लागलो.

"एक आहे?"

"हाय."

"दोन?"

"हाय."

"तीन?"

"हाय की. तीनबी हाय, चार बी हाय." मग जरा थांबून, "तिनाच्या दोन व्हत्या. एक ठिवली, एक मळ्यात बांधली."

माझ्या पोटात गोळा आला. "कुठली ठेवली?"

"लिहिलेली ठिवली. कोरी बांधली."

ह्यात अण्णांची चूक दाखवा, मी वेतनवाढ परत करीन. लिहिली जाताना डीव्हीडी आतून बाहेर, मधल्या भोकापासून कडेकडं भाजत जाते. पूर्ण लिहिलेली डीव्हीडी सगळीकडून एकसारखी दिसते, म्हणजे बघणाऱ्याला कोरीच वाटते. त्र्याहत्तर टक्क्यांवर मेलेल्या डीव्हीडीवर मात्र लिहिलेला गडद भाग आणि उरलेला फिका भाग ह्यांच्यामध्ये खडूनं आखल्यासारखी रेघ दिसते. अण्णांनी दोन्ही उन्हात धरून, वळवून, नीट पारखून बघितल्या. जिच्यावर काहीतरी लिहिल्यासारखं दिसलं ती पिशवीत ठेवली. बियाणं निवडावं तशी निवड केली आणि नेमकं बियाणंच मळ्यात टांगलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा स्वतः आले. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीनं, पाकीट छातीशी धरून. आम्ही तसेच इंजिनिअरच्या दुकानात गेलो. अण्णांनी उपरण्याच्या गाठीतून मळ्यातली तिसरी डीव्हीडी काढली. मधल्या भोकात सुतळी अजून होती. सुगी झाली की काढून गोठ्यात ठेवायची, ज्वारी हुरड्यात आली की पुन्हा बांधायची, असे चार हंगाम तिनं काढले होते. एका बाजूला साळुंकीनं अभिप्राय नोंदवलेला.

इंजिनिअरनं ती धुतली, चष्म्याच्या फडक्यानं पुसली, उजेडात धरली आणि मान हलवली. विकतच्या सिनेमाच्या डीव्हीडीवरच्या खुणा कारखान्यात साच्यातूनच उठलेल्या असतात. घरी लिहायच्या डीव्हीडीत नुसता रंगाचा एक पातळ थर असतो, लेझर तो ठिकठिकाणी भाजून खुणा करतो. लुगडं असो की डीव्हीडी, मराठवाड्याच्या उन्हापुढं रंग टिकत नाही.

"तरी बी बघू," तो म्हणाला.

पहिली डीव्हीडी घातली. चालली. नव्या हार्ड डिस्कवर विंडोज उतरू लागलं. दुसरीही चालली. पट्टी सरकत सरकत निम्म्यावर आली. चौथीवर बोट ठेवून इंजिनिअर म्हणाला की ही तर एकदम कोरीकरकरीत आहे. मग ट्रे बाहेर आला आणि पडद्यावर पाटी आली: तिसरी घाला.

मळ्यातली घातली. आत गेली, घरघरली, दोन-तीनदा गिरकी मारायचा प्रयत्न केला, ट्रे बाहेर. अर्धी भाजलेली घातली. ट्रे बाहेर. पुन्हा मळ्यातली. पुन्हा बाहेर.

"काय म्हणायलंय ते?" अण्णांनी विचारलं.

"तिसरी मागतंय."

"पाखरं मात्र तिला भ्यायची बरं का," अण्णा म्हणाले. "बाकीच्या दोन्हीला न्हाई भ्यायची तेवढी."

मग खुर्ची पुढं ओढून ते पडद्यासमोर बसले. बँकेत साहेबाच्या टेबलासमोर बसावं तसे, उपरणं सारखं करून.

"एकूण किती देणं व्हतं?"

"चार."

"चांगल्या किती हायत?"

"तीन."

अण्णांनी मनात भागाकार केला. मला वेळ लागला असता तेवढाही लागला नाही.

"म्हणजे ७५ टक्के भरलेत की आपण. सांग त्याला, ऱ्हायलेलं २५ माफ कर म्हणावं."

इंजिनिअरनं माझ्याकडं बघितलं. मी कम्प्युटरकडं बघितलं. ट्रे तसाच हात पुढं केल्यासारखा बाहेर आलेला होता.